मोटेच्या बैलांनी उतरवलेले इंजिन

आमच्या अंगणातल्या चिंचेखाली एक जुने इंजिन पडलेले आहे. अर्धे जमिनीत रुतलेले, गंजून मातीच्याच रंगाचे झालेले. त्याच्या चार भोकांत चिंचेचा पाला साचतो आणि पावसाळ्यात तिथे बेडूक राहतात. घरच्या बायका त्याच्यावर ओली पोती वाळत घालतात. नव्या सुनांना ते दगडासारखेच वाटते.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, पौषात गेले. परवा मुलगा म्हणाला, "आई, भंगारवाला गावात आला आहे. ते लोखंड देऊन टाकू का?"

मी म्हटले, "अक्ती होऊ दे, मग सांगते."

अक्षय तृतीयेला आमच्याकडे अक्ती म्हणतात. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि शेतीचे नवे सालही त्याच दिवसापासून धरतात. मुलाला वाटले, वर्षश्राद्धाआधी घरातले काही मोडू नये म्हणून आई थांबवते आहे. तेही आहे. पण अक्तीचे नाव मी त्यासाठी घेतले नव्हते.

मी गोंदियात वाढले. मराठी सातवीपर्यंत शिकले आणि हाती येईल ते वाचत असे. लग्न होऊन ह्या गावी आले ती ह्यांच्या मोटारीत बसून. पुढे दोघांपुरती जागा आणि मागे उघडा लाकडी डाला, अशी ती गाडी होती. गावात तिला सगळे 'डाला'च म्हणत. मोठ्या सडकेवरून सडक अर्जुनी गावाच्या अलीकडे आम्ही कच्च्या रस्त्याला वळलो तेव्हा मागे माझी पुस्तकांची पत्र्याची पेटी होती, भांडी होती आणि दोन बकऱ्या होत्या. बकऱ्या कोणाच्या होत्या ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

ह्यांनी गोंदियाच्या एका व्यापाऱ्याकडे काही वर्षे मोटार चालवली होती. त्याने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ह्यांच्याकडे आली. मग हे धान गोंदियाच्या गिरण्यांवर नेत, चिचगडकडून लाख, हिरडा, मोहफुले आणत आणि परतताना मीठ, रॉकेल, कापड भरून घेत. आणि माझ्यासाठी कागद आणत. सामान ज्या वर्तमानपत्रात बांधलेले असे ते हे कोणाला फेकू देत नसत. मीठ झटकून, मांडीवर हाताने सपाट करून ते बसायच्या गादीखाली ठेवत.

"जुना हाये," कागद माझ्या हाती देताना हे म्हणत, "पन तुवा वाचला नाई म्हनजे नवाच."

जर्मनी-जपानच्या लढाईच्या बातम्या मला तशा कळल्या, मिठाच्या डागांसकट आणि उलटसुलट. एखादे शहर पडल्याचे आधी वाचायला मिळे आणि त्याला वेढा पडल्याचे पुढच्या खेपेला.

त्याच लढाईने आमच्या मोटारीचे इंजिन खाल्ले. पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा इतरांसारखी ह्यांनीही डाल्यात एक उभी टाकी बसवली आणि कोळशाच्या गॅसवर गाडी चालवली. सकाळी निघायच्या आधी भट्टीसारखा विस्तव फुंकायचा, धुराने डोळे लाल करून घ्यायचे आणि मग हँडल मारायचे. गाडी चालायची, पण राखेचा बारीक कण इंजिनात जायचा आणि आतून सगळे घासत राहायचा. लढाई संपून पेट्रोल परत आले तोवर पिस्टन सैल झाले होते. इंजिन पेट्रोलपेक्षा तेल जास्त प्यायचे आणि मागे निळा धूर सोडायचे.

गावात येणारा रस्ता तलावाच्या पाळीवरून येतो. तो चढ मोटारीला सरळ चढवेना. उलट्या गियरला जोर अधिक असतो, म्हणून हे पाळीखाली गाडी फिरवून मान मागे वळवीत आणि पाठमोरेच वर येत. ओसरीवर बसलेले माझे सासरे ते रोज पाहत.

"आली खेकड्याची वरात," ते म्हणत.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे. आमचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. तो तलाव, ती पाळ, पाणी सोडायची तोंडे, सगळे त्यांच्या आज्या-पणज्यांनी नुसत्या नजरेने उतार ओळखून केलेले. मामाजींचा मोटारीवर राग होता असे मी म्हणणार नाही. राग होता तो रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांचा. आभाळ भरून आलेले असायचे, धानाच्या बांधीत चिखल तयार, पऱ्हे म्हणजे रोपे उपटून जुड्या बांधलेल्या, आणि घरचा एकुलता एक मुलगा चिचगडच्या रस्त्यावर चाक काढून बसलेला. अशा दोन-तीन रोवण्या झाल्या आणि बाप-लेकांचे बोलणे बंद झाले. एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे आणि बोलायचे ते माझ्यातून.

"सांगजो तुह्या मोटरवाल्याले, बांध फुटला हाये."

"बा ले सांग, मी आज गोंदियाले जाऊन राहिलो."

दोघे माझ्या उजव्या-डाव्या हाताला बसलेले असत. मी काही सांगत नसे. ऐकलेलेच असे दोघांनी.

लढाई संपली त्याच्या पुढच्या होळीला मोटार पाळीखाली थांबली ती थांबलीच. उलटीही चढेना. मामाजींचे बैल जुंपून ती घरी ओढून आणावी लागली. सगळे गाव पाळीवर उभे होते. संध्याकाळी मामाजींनी मला बोलावले. हे शेजारीच खाटेवर बसले होते.

"पंचांग पाह्य बाई. अक्ती कधी हाये?"

मी सांगितले.

"मंग सांगजो त्याले. अक्तीलोक मोटर चालली त चालली. नाई त भंगारात देजो म्हना, न नांगर धरजो म्हना. अक्तीले मी सालदार ठरवतो. यंदा एक कमी ठरवीन."

अक्तीपर्यंतची मुदत ह्यांनी ऐकली. नुसते उठून मोटारीपाशी गेले आणि तिच्या पुढच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. नांगराची ह्यांना लाज नव्हती. पण सडकेवर ह्यांचा जीव होता. गाडीत बसले की हे वेगळेच माणूस होत. बोलत, हसत, झाडांची नावे सांगत. ते माणूस अक्तीनंतर मला दिसणार नाही, हे मला त्या दिवशी कळले.

फौजेच्या जुन्या गाड्यांचे तेव्हा लिलाव होत. गोंदियाच्या एका मिस्त्रीने तिथून एक इंजिन आणून ठेवले होते, आमच्याच मोटारीच्या जातीचे. ते मोटारीत बसवायचे ठरले. इंजिन घरी आले ते बैलगाडीतून, धानाच्या तणसाच्या जाड गादीवर, बाळंतिणीसारखे. आणि अक्तीच्या दोन दिवस आधी मिस्त्री आला. पोट सुटलेला, डोक्यावर फौजी टोपी, तोंडात पान. लढाईत तो बर्मापर्यंत जाऊन आला होता आणि ते तो कोणाला विसरू देत नसे.

"चेन-पुली कुठं हाये?" त्याचे सामान उतरवताना ह्यांनी विचारले.

"मालिक ने दी नहीं, भैया. पर फिकर मत करो. पेड़ है ना? बर्मा में हम पेड़ से ही इंजन उठाते थे."

"न वढे कोन?"

"हाथी."

आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेला गडी, तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मंग जाऊ का गोंदियाले? हत्ती आनतो एक."

हसणे झाल्यावर सगळे मोटेच्या बैलांवर आले. उसाच्या विहिरीवर आमची मोट चाले. तिची बैलजोडी गावात सगळ्यांत ताकदीची होती आणि मामाजी ती स्वतः हाकत. हे मला म्हणाले, "तूच विचार."

मी ओसरीवर गेले. मामाजींनी सगळे ऐकलेच होते.

"बैल घरचे हायत. घेऊन जा म्हना. ऊस दोन दिवसांत मरत नाई." आणि खाट फिरवून मोटारीकडे पाठ करून बसत म्हणाले, "पन मी हात लावत नाई."

मोटेचे लाकडी चाक आणि जाड दोर विहिरीवरून आणून चिंचेच्या फांदीला बांधले. खाली मोटार उभी केली. मिस्त्रीने आणि ह्यांनी सकाळपासून पुढचा पत्रा, पाण्याची टाकी, नळ्या, बोल्ट सगळे सोडवले होते. जुन्या इंजिनाला साखळी घालून ती दोराला अडकवली. बैल अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे चालत गेले की इंजिन वर येणार, ते पुरते वर आले की आम्ही मोटार मागे ढकलून काढणार, एवढाच बेत होता.

सालदार बैलांमागे उभा राहिला. बैल चालू लागले. दोर ताणला, फांदी करकरली, आणि ते काळे, तेलकट धूड मोटारीतून अलगद वर आले. सालदाराला इतका आनंद झाला की त्याने मोटेचे गाणे धरले. कोणीच त्याला थांबवले नाही. बैल चालत होते, गाणे चालले होते. आम्ही मोटार ढकलली. ती सुटून मागे सरकली.

मोट कशी चालते हे आता कोणाला माहीत नसेल, म्हणून सांगते. बैल उतारावरून पुढे जातात तशी चामड्याची मोट विहिरीतून वर येते आणि पाणी पाटात ओतले जाते. ते ओतले की हाकणारा लांब 'होऽऽ' करतो आणि बैल पाठमोरे, मागच्या पावलांनी वर येतात. मोट पुन्हा खाली जाते. वर्षानुवर्षे हेच. इंजिन वर आले, गाण्याची ओळ संपली, आणि सालदाराच्या तोंडून सवयीने निघाले, "होऽऽ!"

बैल लगेच मागे सरले. त्यांना सांगितले होते तेच त्यांनी केले.

इंजिन धाडकन खाली आले आणि चिंचेखालच्या भुसभुशीत मातीत अर्धे रुतले. उरलेले तेल काळ्या ओहोळाने वाहून निघाले. मिस्त्री उडी मारून मागे कोसळला, त्याची टोपी तेलात पडली. कोणाला लागले नाही. मग मिस्त्री उठला आणि त्याने हातातला पाना बैलांवर उगारला.

"बेवकूफ जानवर! इनके भरोसे मैं नया इंजन लटकाऊँ? टूट जाएगा तो? मैं चला गोंदिया."

हे मातीत रुतलेल्या इंजिनाकडे पाहत उभे होते. ते जुने होते, टाकायचेच होते. पण नवे असे पडले असते तर? ह्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. परवा अक्ती होती.

तेवढ्यात मामाजींची खाट वाजली.

"कोनाले बेवकूफ म्हनून राहिला रे?" ते ओसरीवरून उतरत म्हणाले. म्हातारा माणूस, पण चाल अशी की मिस्त्रीने पान्याचा हात आपोआप खाली घेतला. "माह्या बैलाले? मांगं ये म्हनलं, मांगं आले. तुहा हत्ती आला असता का?"

"बाबूजी, मेरा मतलब..."

"गानं कोन म्हनत होता?"

सालदार जमिनीकडे पाहू लागला.

"मोट उपसून राहिला होतास का तू? विहीर कुठं हाये इथं? दाखव मले, मी पानी पेतो."

मामाजींनी बैलांच्या पायांवरून हात फिरवला, खूर पाहिले, जू काढले. मग त्या रुतलेल्या इंजिनाभोवती एक फेरी मारली. चिंचेच्या फांदीकडे पाहिले. नव्या इंजिनाकडे पाहिले. तलावाची पाळ पाहताना ते डोळे बारीक करीत, तसे केले.

"उचलाले कोनताही बैल उचलते," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "उतरवाले मोटेचाच बैल पायजे. गाडीच्या बैलाले मांगं जाता येत नाई. आज रहू द्या. बैल बिचकले हायत. उद्या सकारी, उन्हाच्या आदी."

मिस्त्री पान थुंकून म्हणाला, "तो कल हाँकेगा कौन?"

मामाजी बैलांना पाण्यावर घेऊन गेले.

त्या दिवशी जेवताना हे दोनदा मामाजींकडे वळले आणि पुन्हा ताटावर वाकले. मामाजींनी भाकर मोडली आणि मला म्हणाले, "भाजीत मीठ कमी हाये बाई." एवढेच. उद्या ते येतील की सालदारालाच पाठवतील, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.

सकाळी मी सडा घालत होते तेव्हा ते गोठ्यातून बैल घेऊन आले. मोटेवर जाताना बांधत तसा लहान फेटा बांधलेला, पाय अनवाणी. चाक आणि दोर चिंचेच्या पलीकडच्या फांदीला हलवून नवे इंजिन साखळीत बांधले होते. बैल पुढे गेले, इंजिन वर आले, मोटार ढकलून त्याच्याखाली आणली. इथपर्यंत सोपे होते. आता ते धूड मोटारीच्या पोटात, नेमक्या बोल्टांच्या भोकांवर, न आपटता बसवायचे होते. हे मोटारीत उभे राहून दोन्ही हातांनी इंजिनाला दिशा देत होते. बैलांपाशी मामाजी. मध्ये अंगण. मिस्त्री तोंडातले पान चावायचे विसरला होता.

मामाजींनी ह्यांच्याकडे पाहिले. माझ्याकडे नाही.

"कुठंलोक उतरवाचं? बोट दाखव."

ह्यांनी बोटाने दाखवले.

मामाजींनी 'हो' म्हटले, पण ते नेहमीचे लांब 'होऽऽ' नव्हते. त्याचा एक लहानसा तुकडा तोडून त्यांनी बैलांच्या कानाशी ठेवला. बैलांनी एक पाऊल मागे टाकले. इंजिन वीतभर खाली आले.

"आनखी?"

"आनखी."

पुन्हा तो तुकडा. पुन्हा पाऊल.

"आता?"

"थोडकं, बा."

"येवढं?"

"आनखी थोडकं... थांबा. थांबा. डावीकडं... हां. थोडकं."

किती दिवसांनी बोलत होते ते दोघे! आणि बोलणे एवढेच, आनखी आणि थोडकं. मी सड्याची बादली हातात धरून उभी होते. इंजिन आपल्या जागी टेकले तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. दोर एकदम सैल पडला तेव्हाच कळले.

मिस्त्री म्हणाला, "बर्मा में भी ऐसा नहीं देखा."

"बर्मात मोट नसन," मामाजी म्हणाले आणि बैल घेऊन उसाकडे निघून गेले.

पुढच्या जोडण्यांत तो दिवस गेला. दोन ठिकाणी भोके जुळेनात, लोहाराकडून पट्ट्या करून आणाव्या लागल्या. अक्तीच्या सकाळी ह्यांनी हँडल मारले. दोनदा नुसतेच खोकले इंजिन. तिसऱ्यांदा धरले. जुन्या इंजिनाचा आवाज पत्र्याचा डबा हलवल्यासारखा होता. ह्याचा भरलेल्या रांजणासारखा घुमत होता. चिंचेवरचे सगळे बगळे उडाले. हे मोटारीतून उतरले नाहीत. तसेच पाळीखाली गेले आणि चढ चढून आले, सरळ, तोंड गावाकडे करून.

ओसरीवर तेव्हा सालदार बसलेले होते. मामाजी एकेकाला कुंकू लावून हातावर सुपारी ठेवत होते. सुपारी घेतली की साल धरले, वर्षभर तो माणूस घरचा. मोटार अंगणात येऊन थांबली. मामाजी उठले. मला वाटले, आत जातील. ते म्हणाले, "बाई, ताट आन."

मी ताट घेऊन मागोमाग गेले. त्यांनी मोटारीच्या नाकावर कुंकू लावले, तेच बोट, जे सालदारांच्या कपाळावर टेकले होते. सुपारी तिच्या झाकणावर ठेवली. मग सवयीप्रमाणे माझ्याकडे वळले.

"सांगजो त्याले..." म्हणाले, आणि थांबले. मान वर करून ह्यांच्याकडे पाहिले. "यंदा हिचं साल धरलं. पन रोवन्याले घरी राह्यजो. रोवन्याले तिले सुट्टी."

"राह्यतो, बा."

मागून सालदाराने विचारले, "मालक, मोटर खाईन किती?"

"तुह्याऊन कमी. न गानं म्हनत नाई."

पुढे पुष्कळ वर्षे ती मोटार चालली. मग नवी आली, मोट गेली, विहिरीवर पंप बसला, मामाजीही गेले. ह्यांनी शब्द पाळला. रोवणीत कधी गाडी काढली नाही. जुने इंजिन मात्र जिथे पडले तिथेच राहिले. ते काढायचे कोणाच्या मनात आले की मामाजी म्हणत, "थकला बैल इकतो का आपन?" आणि मामाजींमागे तेच वाक्य हे म्हणत.

पौषात ह्यांची वेळ आली तेव्हा रीतीप्रमाणे मुलांनी ह्यांना खाटेवरून खाली जमिनीवर घेतले. मी उशाशी होते. मुलगे घाबरून घाई करत होते. माझ्या तोंडून निघाले, "थोडकं... आनखी थोडकं... हां, थांबा." मी घरात कधी ही इकडची झाडीबोली बोलत नाही. ते शब्द कुठून आले ते मुलांना कळले नाही. पण ह्यांची पाठ जमिनीला टेकली तेव्हा आवाज झाला नाही.

आज अक्ती. पितरांच्या घागरी सकाळीच भरल्या. ह्यांची पहिली. घागर कुठे ठेवायची म्हणून सुनेने विचारले, तेव्हा मी ती चिंचेखाली नेली. इंजिन कललेले आहे, त्याच्यावर घागर बसेना. शेजारची माती हाताने सारखी करून तिथे ठेवली. मग ताटातले कुंकू इंजिनाला लावले आणि एका भोकातला पाला काढून तिथे सुपारी ठेवली.

मुलगा मागे येऊन उभा होता. "आई, भंगारवाल्याला काय सांगू?"

"पुढच्या गावी जा म्हण," मी म्हटले. "ह्याचं यंदाचं साल धरलं आहे."